डाव्या हाताने सुरुवात करताना

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

उजवा हात मनगटापासून गेला, डाव्याने पूर्वीसारखी पोर्ट्रेट जमतील का, असं विचारलंस. जमतीलही, पण तिथून सुरुवात नको. बोटं नवशिकी आहेत, तुझी नजर नाही. लहान कागदावर टोकदार पेन्सिल घेऊन बसलास तर ही नजरच बोटांची प्रत्येक चूक दाखवील आणि पंधरवड्यात वैतागशील.

22×30 इंचांची शीट उभी लाव आणि उभ्यानेच काम कर. चारकोलची जाड काडी तळव्याखाली आडवी धर, म्हणजे रेषा खांद्यातून येते आणि बोटांची थरथर तिच्यात उतरत नाही. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली की थांबायचं. दिवसभराची सगळी कामं आता याच हातावर आहेत, म्हणून चित्राला सकाळची वेळ दे.

खरी अडचण टेबलावर येते. कागद दाबणं, ट्यूब धरणं ही कामं दुसरा हात गुपचूप करायचा. बोर्डला दोन सी-क्लॅम्प (टेबलाला आवळून धरणारे स्क्रूचे चिमटे) लाव. एकच लावलास तर बोर्ड त्याच्याभोवती फिरतो. ट्यूबचं झाकण एका हाताने उघडायला गेलं की अख्खी ट्यूबच गरगरते. जलरंग आधीच कुणाकडून छोट्या पॅनमध्ये काढून घे. ते वाळले तरी पाण्याने पुन्हा सुटतात. ॲक्रिलिकचं तसं नाही, एकदा वाळलं की संपलं. पाण्याचं भांडं रुंद बुडाचं हवं, तेही डावीकडे, नाहीतर ओला ब्रश दर खेपेला चित्रावरून जाईल. दिवा मात्र उजवीकडे ने. छायांकन उजवीकडून डावीकडे कर, तळवा काम पुसणार नाही. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी होकार दिला, की उजव्या हाताला मऊ कापड गुंडाळून चारकोल पसरवून बघ. मोठ्या छटांना तो बोटांपेक्षा बरा. नसलेली बोटं दुखत असतील तर तेही डॉक्टरांना सांग, तो भ्रम नसतो.

1941 च्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार मातिसला ईझलसमोर उभं राहणं अवघड झालं. पुढे मदतनिसांनी गवाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, रंगवलेले कागद तो कात्रीने थेट कापू लागला. फ्रान्समधल्या वॉन्स गावच्या चॅपेलसाठी त्याने लांब बांबूला चारकोल बांधून रेखाटनं केली. कागद कापून बघायचं झालं तर कात्री डावखुऱ्यांची घे. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की दाबताना पाती एकमेकांपासून फाकतात आणि कागद कापला न जाता मधेच दुमडतो.

बाकी भेटीअंती.