आजी फादरांकडे का जाते?

स्टुटगार्ट

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

"आपण हिंदू आहोत, तरी आजी फादरांकडे तुकाराममहाराजांवरचे व्याख्यान ऐकायला जाते, हे पुण्यात चालते का?" असे तू विचारले आहेस. 'चालते का' हा प्रश्न अस्सल पेठेतला आहे. सुट्टीचा परिणाम दिसतो!

आजी जाते ती संस्था म्हणजे शनिवार पेठेतले स्नेहसदन. येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी ते उभारले. ते मूळचे जर्मन. मात्र पुण्यात येऊन ते महाराष्ट्राच्या अभ्यासात इतके रमले, की आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावर त्यांनी ग्रंथ लिहिला. वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी एकमेकांशी बोलावे, हा त्या घराचा हेतू आहे आणि त्यासाठी कॅम्पातल्या चर्चच्या आवारात न थांबता त्यांनी जुन्या पेठेत बिऱ्हाड केले, याचे मला विशेष वाटते. दुसऱ्याच्या आळीत राहायला जाऊन त्याच्या संतांविषयी त्याच्याकडूनच ऐकून घ्यायला मोठा धीर लागतो.

पुण्यात हे पूर्वी मुळीच चालत नसे. १८९० मध्ये पंचहौद मिशन या ख्रिस्ती संस्थेत काही मंडळी व्याख्यानाला गेली आणि तेथे त्यांच्यापुढे चहा आला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले, आणि त्या मंडळींत टिळक व रानडे असूनही दोघांची प्रायश्चित्तातून सुटका झाली नाही. एका कपाची ही किंमत!

आजीला ही गोष्ट तोंडपाठ आहे. मी शाळेत असताना आजोबा तिला पहिल्यांदा स्नेहसदनात घेऊन गेले, तेव्हा हातात आलेल्या चहावर साय धरेपर्यंत ती कप तसाच घेऊन बसली आणि शेवटी तो मला प्यावा लागला. व्याख्यान मात्र तिने शेवटपर्यंत ऐकले, वक्त्याने अभंगाचा एक चरण चुकीचा म्हटला तो उभे राहून दुरुस्त केला, आणि पुढच्या वेळी आजोबांना न विचारता एकटीच गेली. तिचा देव्हारा, तिची एकादशी जिथल्या तिथे आहेत. त्या सोडायला तिला तेथे कोणी कधी सांगितले नाही.

आता तू तिच्याबरोबर जाणारच असशील, तर चहा झाल्यावर तिच्याकडे पाहा. कप रिकामा करून ती हमखास म्हणेल, "आले कमी पडले."

तुझा,
बाबा