गोव्यात वास्कोत राहायला येताय?

मांगोर हिलवर खोली घेतलीत ना? मग एक सांगतो, 'घाटी' हा बाहेरून आलेल्यांना हिणवणारा शब्द तोंडात आणू नका. आमच्या सावंतवाडीकडच्या आजोबांनीही तो स्वतःबद्दल ऐकलाय. इथे बहुतेक जण कामामागे आलेले: 1880च्या दशकात बंदर आणि रेल्वे, पुढे खनिज, मग झुआरीनगरचा खत कारखाना. भाजीवाली कन्नडिगा असली तरी कोकणीत 'कितले?' विचारा, हसून भाव सांगेल. (कमी मात्र करणार नाही.)

आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदर मंदिराचा सप्ताह चुकवू नका. प्लेगच्या साथीत सुरू झालेलं ते अखंड 24 तासांचं भजन. गाडी लांब लावा, चालतच या. त्या फेरीत, म्हणजे जत्रेत, अख्खं वास्को भेटतं.