कॅनडातल्या विनिपेगच्या डाउनटाउनमध्ये इमारती बघण्यासारखं काही आहे का?

कामानिमित्त दोन दिवस येताय आणि फावल्या वेळात डाउनटाउन पायी फिरावं की हॉटेलातच पडून राहावं, असा तुमचा प्रश्न आहे. फिराच. मी इथलाच रहिवासी, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा. फक्त टोरांटोसारखे मनोरे शोधायला निघालात तर हिरमोड होईल. इथे भिंती जवळून बघायच्या.

सुरुवात मॅनिटोबा प्रांताच्या विधानभवनापासून करा. भिंतीला नाक लागेल इतकं जवळ जा. पिवळसर दगडावर तपकिरी फांद्यांसारखी नक्षी दिसेल. साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ उबदार समुद्र होता. त्याच्या तळच्या गाळात जीवांनी बिळं केली, त्यांचेच हे ठसे. नीट बघितलं तर शंख, प्रवाळ सापडतात. हा टिंडल स्टोन, शहराच्या ईशान्येला गार्सन गावच्या खाणीतला. ओटावाच्या संसदेतही आतून हाच वापरलाय. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना जीवाश्म शोधायला लावा, तुम्ही निवांत घुमट बघा.

घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेला ‘गोल्डन बॉय’ आहे. पॅरिसमध्ये घडवलेला हा पुतळा पहिल्या महायुद्धात जहाजाच्या तळघरात अडकला आणि बिचारा अटलांटिकच्या वाऱ्या करत राहिला. खाली इमारतीचंही काही सुरळीत चाललं नव्हतं. कंत्राटदाराने अवाच्या सवा बिलं लावली, पैसा सत्ताधारी पक्षाकडे वळल्याचं उघड झालं आणि १९१५ मध्ये प्रांताच्या रॉब्लिन सरकारला राजीनामा द्यावा लागला. हे ऐकून आपल्या माणसाला अगदी घरच्यासारखं वाटतं. फरक इतकाच, की कंत्राटदार खरोखर तुरुंगात गेला आणि इमारत १९२० मध्ये झाली ती दणकट झाली.

मग एक्स्चेंज डिस्ट्रिक्ट. रेल्वे आणि गव्हाच्या जोरावर १९००च्या सुमारास इथे पैसा नुसता वाहत होता. गोदामं, बँका, धान्यबाजार, सगळं विटा-दगडांत उभं राहिलं. पुढे महायुद्ध आलं, पनामा कालव्यामुळे मालाची वाट बदलली आणि तेजी ओसरली. पाडून नवं बांधायला कोणाकडे फारसा पैसाच उरला नाही, म्हणून हा भाग वाचला. विटांवर जुन्या जाहिरातींचे पुसट रंग अजून आहेत. १९०४ची युनियन बँक तर आता पाककला शिकवणारं कॉलेज आहे.

सगळंच वाचलं असं नाही. १८८६चं नक्षीदार नगरभवन १९६२ मध्ये पाडलं आणि तिथे १९६४चं सरळसोट नवं आलं. लोक त्याला नावं ठेवतात. मला ते चालतं, कारण दगड तोच टिंडल आहे आणि उगाच जुनेपणाचा आव नाही.

हिवाळ्यात येत असाल तर इमारतींना जोडणारे बंदिस्त स्कायवॉक वापरा, नाहीतर कान गळून पडतील. त्याच वाटेवर मॅनिटोबा हायड्रो या वीज कंपनीचं मुख्यालय लागतं. थंडी-उन्हाळ्याचा टोकाचा फरक जमेस धरून ते बांधलंय. ११५ मीटर उंच सौर धुराडं आतली हवा खेळती ठेवतं. मानवाधिकार संग्रहालय थोडं लांब, द फोर्क्सपाशी, म्हणजे दोन नद्यांच्या संगमापाशी आहे. तिथे गांधीजींचा पुतळाही आहे. संग्रहालयाला मात्र अर्धा दिवस वेगळा काढा.