पगारातील घट सोसेल, ईसॉपची घाई सोसणार नाही

आपल्या पत्राचा आशय असा: वय 29, पुण्यातील स्टार्टअपमध्ये प्रोग्रामर, काम नाशिकच्या घरून, वार्षिक पगार 24 लाख रुपये. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील आश्रमशाळांमध्ये कोडिंग शिकवणारी एक ना-नफा संस्था 9 लाखांवर बोलावत आहे. गंगापूर रोडवरील सदनिकेचा हप्ता 33 हजार, आईवडिलांसह घरखर्च तेवढाच, शिल्लक 11 लाख. नोकरी सोडताना हाती आलेले सर्व 4,000 ईसॉप (कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर करारातील किमतीत घेता येण्याचे पर्याय) वापरून शेअर विकत घेण्याचा आपला विचार आहे.

नोकरी बदलण्यास माझी हरकत नाही. घट 15 लाखांची दिसते, पण नव्या करप्रणालीच्या सध्याच्या दरांनुसार 24 लाखांवर आपण सुमारे 2 लाख 92 हजार रुपये कर भरता आणि 9 लाखांवर काहीच भरावा लागणार नाही; म्हणजे खरी घट 12 लाखांच्या आसपास आहे. भविष्य निर्वाह निधी वजा जाता महिन्याला सत्तर हजार हाती येतील आणि 66 हजार खर्च होतील. हे बेताचे आहे, पण अशक्य नाही. (2027च्या सिंहस्थामुळे सदनिकेचा भाव वाढेल, हा आपल्या बंधूंचा हिशेब मी धरलेला नाही, राहत्या घराच्या भावातून हप्ता फिटत नाही.)

माझी खरी हरकत ईसॉपला आहे. करारातील किंमत शेअरमागे 50 रुपये आणि मूल्यांकन 400 रुपये असल्याने 4,000 शेअरसाठी आपण 2 लाख मोजाल, आणि मधला 14 लाखांचा फरक पगाराचाच भाग मानला जाऊन, याच आर्थिक वर्षात शेअर घेतल्यास, त्यावर आणखी सुमारे 4 लाख 33 हजार रुपये कर लागेल. जे शेअर बाजारात विकता येत नाहीत, ज्यांचे मूल्य कागदावरच आहे, त्यांच्यासाठी सव्वासहा लाखांहून अधिक रोकड गेली, तर उरलेली शिल्लक जेमतेम सात महिने पुरेल. आज तीच सोळा महिने पुरते.

नोकरी सोडल्यावर ईसॉप घेण्यास 90 दिवसांची मुदत असल्याचे आपण कळवले आहे, आणि हा फरक, शेअर ज्या वर्षी नावावर होतात, त्या वर्षाच्या उत्पन्नात धरला जातो. शेवटचा दिवस 31 मार्च ठेवून एप्रिलनंतर सर्व शेअर घेतले, तरी 9 लाखांच्या पगारामुळे कर 2 लाख 66 हजारांवर येईल. माझी शिफारस त्याहून आखडती आहे: फक्त 900 शेअर घ्यावेत. त्यांचे 45 हजार भरावे लागतील, प्रमाणित वजावटीनंतरचे (पगारदारांना मिळणारी ठरावीक सूट वजा जाता) उत्पन्न 11 लाख 40 हजार होईल, आणि मुदत ठेवींचे व्याज धरूनही ते 12 लाखांच्या आत राहिल्यास कर शून्य असेल. उरलेले पर्याय सोडून देताना जीव हळहळेल, हे मी जाणतो. चार वर्षांची रात्रपाळी त्यात आहे. तरीही सोडावेत.

वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांचा विमा कंपनीच्या गट योजनेतून आहे, जो आपल्या शेवटच्या दिवशी संपेल. वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते, म्हणून ती राजीनाम्याआधीच घ्यावी. तिचा हप्ता महिन्याची शिल्लक खाईल. त्यासाठी मार्चपर्यंतच्या पगारातून दोन-तीन लाख गृहकर्जात भरावेत आणि बँकेला मुदत नव्हे, तर हप्ता कमी करण्यास लेखी सांगावे. एरवी मी याच्या उलट सांगतो.

संस्थेलाही एक प्रश्न विचारावा: आपला पगार कोणत्या देणगीतून येणार आणि ती कुठवर मंजूर आहे? कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून चालणाऱ्या कामांचे करार बहुधा वर्षाच्या हिशेबाने होतात. मंजुरी आपण रुजू झाल्यानंतरच्या मार्चपर्यंत असल्याचे पत्र मिळाले, आणि ईसॉपची 90 दिवसांची मुदत सध्याच्या कंपनीने ईमेलवर मान्य केली, की साठ दिवसांची नोटीस लक्षात घेऊन जानेवारीअखेर राजीनामा द्यावा.