घराचा मेन ३२ अँपिअरचा आहे, ६३ चा करून घ्यावा का?

साताऱ्यात शाहूपुरीत जुनं घर, ३२ अँपिअरचा मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा मुख्य स्विच), आता एसी आणि इंडक्शन घ्यायचंय, आणि वायरमन म्हणतो '६३ चा टाकून मोकळे व्हा'. असा तुमचा प्रश्न आहे. लगेच हो म्हणू नका. मी सांगलीत वायरिंगचीच कामं करतो आणि हा सल्ला ऐकला की मला खरंच काळजी वाटते.

मोठा एमसीबी बसवला म्हणून घरात जास्त वीज येत नाही. त्याचं काम एवढंच, की त्याच्या पुढची वायर तापून जळायच्या आत करंट तोडायचा. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर भिंतीतली वायर वितळेपर्यंत तो गप्प बसेल.

म्हणून सुरुवात डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) नको, मीटरपासून करा. मीटरच्या दर्शनी भागावर ५-३० किंवा १०-६० असे अँपिअर छापलेले असतात. तुमच्याकडे ५-३० असेल तर विषय तिथेच संपला. ३० च्या मीटरपुढे ६३ चा मेन कशासाठी? मग वीजबिल काढा. त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. जुन्या घरांचा तो बऱ्याचदा फारच कमी निघतो, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक टीव्ही होता. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरवर एमडी म्हणूनही आकडा दिसतो. त्या कालावधीत तुमची मागणी जास्तीत जास्त किती किलोवॅटपर्यंत गेली ते त्यातून कळतं. अंदाज बांधण्यापेक्षा तो आकडा लिहून ठेवा.

आता डीबी. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण आकडे बरेच आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. 'बारा वेचा डीबी' म्हणजे बारा खाने, त्याचा अँपिअरशी संबंध नाही. एमसीबीवर सी१६ लिहिलं असेल तर १६ म्हणजे अँपिअर, आणि सी म्हणजे मोटरसारखं यंत्र सुरू होताना जो झटक्याचा करंट येतो तो किती सोसायचा याचा प्रकार. खाली चौकोनात ६००० किंवा १०००० असतं ते पाहून काही जण खूश होतात, पण तो आकडा शॉर्टसर्किटच्या वेळी किती करंट सुखरूप तोडता येईल त्याचा आहे. रोजच्या वापराचा नाही. आयसोलेटरवर ४० किंवा ६३ असतं, पण तो नुसता स्विच आहे, ओव्हरलोडला आपोआप पडत नाही. आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा स्विच) यावरचे ४० अँपिअरही तसेच: एवढा करंट तो वाहू शकतो, एवढाच अर्थ. गळतीला मात्र तो पडतो, आणि माणसाचा जीव वाचवायचा तर त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं हवं. मेनला आयसोलेटर आणि आरसीसीबी असून ओव्हरलोड तोडणारा एमसीबीच नाही, असे डीबीही मी पाहिलेत. तुमचा नक्की कुठला आहे ते आधी बघा.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. ३२ चा एमसीबी ३३ व्या अँपिअरला पडत नाही. साधारण सव्वा पटीने, म्हणजे ४० अँपिअर गेले तरी तो बराच वेळ धरून राहू शकतो. म्हणूनच वायरीला थोडी जागा सोडावी लागते.

हिशोब घरीच करता येतो. सिंगल फेजला २३० व्होल्ट, म्हणजे ३२ अँपिअरला साधारण ७.४ किलोवॅट. थंडीतली सकाळ घ्या: गिझर २०००, इंडक्शन १८००, एक एचपीची मोटर १००० ते ११००, फ्रिज, दिवे आणि मिक्सर मिळून हजारभर. बेरीज सहा हजारांच्या आत, म्हणजे २५-२६ अँपिअर. दीड टनाचा एसी सहसा ७-८ अँपिअर घेतो, पण तो रात्रीचा किंवा उन्हाळ्यातला. सगळं एकाच वेळी चालत नाही. त्यामुळे मला तरी तुमचा ३२ चा मेन पुरेसा वाटतो. कमी पडण्याची शक्यता जास्त आहे ती वायर आणि मंजूर भार यांची.

तांब्याची वायर असेल तर साधारण असं धरा (वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये): दीडच्या वायरीला दिवे-पंखे आणि ६ किंवा १० चा एमसीबी, अडीचच्या वायरीला १६, चारच्या वायरीला २०, फार तर २५. एसीला आणि गिझरला डीबीपासून स्वतंत्र चारची वायर ओढा. इंडक्शनलाही वेगळा १६ चा पॉइंट द्या, मिक्सरच्या सॉकेटवर लावू नका. जुन्या घरात अॅल्युमिनियमची वायर निघाली तर हे आकडे तिला लागू नाहीत. ती तेवढ्याच जाडीत कमी करंट सोसते, आणि तांब्याला जोडलेली असेल तर तो सांधा ढिला होऊन तापतो.

डीबीचं झाकण वायरमनसमोरच उघडा आणि न्यूट्रलच्या पट्टीकडे बारकाईने बघा. स्क्रूजवळ वायरीचं काळं आवरण तपकिरी पडून कडक झालं असेल, तर तिथे ढिल्या जोडामुळे उष्णता होतेय. मेन बंद केला तरी मीटरकडून येणारं टोक जिवंतच असतं, त्यामुळे तिथे स्वतः हात घालू नका. (आमच्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाण्यात बुडालेले एमसीबी वाळवून परत वापरणारे भेटले. तसं करू नये. आत गाळ आणि गंज राहतो, आणि गरजेच्या वेळी तो पडेलच याचा भरवसा नाही.)

मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा, ऑनलाइन होतो. गरज पडली तर मीटर आणि सर्व्हिस वायर तेच बदलतील, सील आपण तोडायचं नाही. दोन-तीन एसी किंवा चारचाकीचा चार्जर पुढे येणार असेल तरच थ्री फेजचा विचार करा. त्याचा स्थिर आकार जास्त असतो आणि तिन्ही फेजवर भार नीट वाटून घ्यावा लागतो.

मीटरचा दर्शनी भाग आणि उघड्या डीबीचा फोटो इथे टाका, ग्राहक क्रमांक मात्र झाकून. कुठली वायर बदलावी लागेल ते त्यावरून बरंचसं सांगता येईल.