पूर्व तिमोरमध्ये राष्ट्रसंघ असूनही रक्तपात का झाला?

प्रश्न : १९९९ मध्ये पूर्व तिमोरच्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली मतदान करून स्वातंत्र्याचा कौल दिला, पण लगेच तेथे जाळपोळ आणि हत्या झाल्या, असे वाचले. राष्ट्रसंघाची शांतिसेना तेथे असताना हे कसे घडले? ही सेना केवळ पाहत राहण्यासाठी असते काय?

उत्तर : मतदानाच्या दिवशी पूर्व तिमोरमध्ये शांतिसेना नव्हतीच, हे आधी लक्षात घ्यायला हवे. राष्ट्रसंघाचे जे पथक तेथे होते, त्याचे काम मतदार नोंदवणे, मतदान घेणे आणि मते मोजणे एवढेच होते. त्यासोबत आलेले पोलीस आणि थोडेसे लष्करी संपर्क अधिकारी निःशस्त्र होते.

असे का, याचे उत्तर ५ मे १९९९ च्या करारात आहे. पूर्व तिमोर ही पोर्तुगालची वसाहत होती. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेटिलिन या पक्षाने तिचे स्वातंत्र्य जाहीर केले आणि अवघ्या नऊ दिवसांत इंडोनेशियाचे सैन्य आत शिरले. पुढच्या वर्षी इंडोनेशियाने हा प्रदेश आपला सत्ताविसावा प्रांत म्हणून जोडून घेतला, पण राष्ट्रसंघाने त्याला कधीच मान्यता दिली नाही. १९९८ मध्ये इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो पायउतार झाल्यावर अध्यक्ष हबीबी मतदानाला तयार झाले, तेव्हा इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि राष्ट्रसंघ यांच्यात जो करार झाला, त्यात मतदानाच्या काळातील सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाकडेच ठेवण्यात आली. ज्यांच्या सैन्याच्या आश्रयाने सशस्त्र टोळ्या गावोगावी धमक्या देत होत्या, त्यांनाच राखणीला बसवले गेले. परकी सैन्य येऊ देण्यास इंडोनेशिया राजी नव्हता, आणि तो आग्रह धरला असता तर मतदानाची संधीच हातची गेली असती, ही वाटाघाटी करणाऱ्यांची अडचण खरी होती. तरीही त्या अडचणीची किंमत मोजली ती तिमोरी माणसांनी, हे विसरता येत नाही.

३० ऑगस्टला लोक पहाटेपासून रांगा लावून उभे राहिले. नोंदलेल्या मतदारांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले. प्रश्न इंडोनेशियातील विशेष स्वायत्तता स्वीकारायची की नाकारायची, असा होता आणि ७८.५ टक्के मतदारांनी ती नाकारली, म्हणजेच स्वातंत्र्य निवडले. ४ सप्टेंबरला निकाल जाहीर होताच टोळ्यांनी राजधानीचे ‘दिली’ हे शहर आणि खेडी पेटवली. हजाराहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत राष्ट्रसंघासाठी काम करणारे स्थानिक कर्मचारीही होते. सुमारे अडीच लाख लोकांना बेटाच्या इंडोनेशियाकडील भागात, म्हणजे पश्चिम तिमोरमध्ये, पळावे लागले किंवा बळाने नेण्यात आले. दिलीतील राष्ट्रसंघाच्या आवारात आश्रयाला आलेल्यांना मागे सोडून निघण्यास तेथील अनेक कर्मचाऱ्यांनी नकार दिला आणि अखेर त्या आश्रितांनाही ऑस्ट्रेलियातील डार्विनला हलवण्यात आले. हातात शस्त्र नसलेल्या माणसांना जे करता येण्यासारखे होते, ते त्यांनी केले.

सैन्य आले ते त्यानंतर. आंतरराष्ट्रीय दबाव वाढल्यावर इंडोनेशियाने संमती दिली, १५ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने राष्ट्रसंघाच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली, म्हणजे गरज पडल्यास बळ वापरण्याच्या अधिकारासह, ठराव केला आणि २० तारखेला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील बहुराष्ट्रीय दल दिलीत उतरले. ही निळ्या टोप्यांची सेना, म्हणजे राष्ट्रसंघाची स्वतःची शांतिसेना, नव्हती. ती जबाबदारी राष्ट्रसंघाच्या सैनिकांनी २०००च्या फेब्रुवारीत घेतली. दरम्यान ऑक्टोबरमध्ये सुरक्षा परिषदेने प्रदेशाचा संपूर्ण कारभारच राष्ट्रसंघाकडे सोपवला होता. राष्ट्रसंघाच्या या प्रशासनाचे प्रमुख सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्या हाताखाली न्यायालयांपासून जकातीपर्यंत सारे उभारावे लागले, आणि २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला.

शांतिसेना पाहत राहते की संरक्षण करते, हे सैनिकांच्या धैर्यापेक्षा सुरक्षा परिषदेने दिलेल्या अधिकारावर आणि संबंधित सरकारांच्या संमतीवर अवलंबून असते. उलट टोकाचे उदाहरण हवे असेल तर पश्चिम सहारा पाहावा. तेथे मोरोक्को आणि त्या प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी पोलिसारिओ ही संघटना यांच्यातील युद्धविरामावर लक्ष ठेवण्यासाठी राष्ट्रसंघाचे पथक १९९१ पासून तैनात आहे, पण मतदार कोणाला मानायचे यावरच दोन्ही बाजूंचे एकमत झाले नाही. १९९२ च्या जानेवारीत घ्यायचे ठरलेले सार्वमत तेथे अद्याप झालेले नाही.