छतावरील पाण्याचा निचरा: हे करिअर होऊ शकते का?

तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहात. प्रशिक्षणाच्या काळात एका मोठ्या व्यापारी इमारतीच्या सपाट छतावरील निचऱ्याचा आराखडा तुमच्याकडे आला आणि त्यात तुमचे मन रमले. परंतु वडिलांना हे 'नळकाम' वाटते आणि तुम्ही स्ट्रक्चरल डिझाइनच (इमारतीचा सांगाडा भार पेलेल असा आखण्याचे काम) करावे, असा त्यांचा आग्रह आहे. या कामाला भवितव्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

भवितव्य निश्चित आहे; मात्र हे काम स्ट्रक्चरल डिझाइनपासून वेगळे काढता येत नाही, आणि वडिलांशी बोलताना हाच मुद्दा आधी मांडावा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. छत १०,००० चौरस मीटरचे असेल आणि पाऊस ताशी १०० मिलिमीटर वेगाने पडत असेल, तर दर सेकंदाला सुमारे २७८ लिटर पाणी खाली उतरवावे लागते. ते अडून १०० मिलिमीटर साचले, तर प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो भार येतो. त्या भाराने छत वाकते, वाकल्याने खोलगट भागात आणखी पाणी येते आणि भार वाढतच जातो. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीना या बंदिस्त क्रीडागृहाचे छत ४ जून १९७९ रोजी वादळी पावसात कोसळले, त्यामागे बोल्टच्या कमकुवतपणाबरोबरच छतावर साचलेले पाणीही होते.

या कामातील बारकावा एका उदाहरणाने सांगतो. खाली जाणारा पाईप कॉलमलगत नेणे सोयीचे असते, म्हणून पाणी उतरण्याचे तोंडही अनेकदा तिथेच ठेवले जाते. परंतु भार आल्यावर बीम मधोमध वाकतो आणि कॉलमजवळचा भाग उंच राहतो. कागदावर दाखवलेला अल्पसा उतार प्रत्यक्षात नाहीसा होतो आणि पाणी तोंडाकडे जाण्याऐवजी मध्येच डबके करून बसते. बीम किती वाकेल याचा हिशेब ज्याला करता येतो, तोच उतार नीट आखू शकतो. तसेच, पाईपचा व्यास वाढवला की प्रश्न सुटतो, हा समजही चुकीचा आहे. पाणी उथळ असताना ते तोंडाच्या काठावरून बांधाच्या सांडव्यासारखे आत पडते, त्यामुळे किती पाणी जाईल हे काठाची लांबी आणि तिथली पाण्याची खोली ठरवते. तुमच्या द्रवयांत्रिकीच्या पुस्तकातील सांडव्याचे समीकरण इथे रोज वापरले जाते, म्हणून तो विषय केवळ परीक्षेपुरता करू नका. पाईपमध्ये हवा शिरू न देता तो पूर्ण भरून वाहता ठेवणारी सायफनिक पद्धतही अवश्य अभ्यासावी. मोठ्या छतांवर ती बरीच वापरली जाते आणि तिचे गणित जाणणाऱ्यांची गरज असते.

एक गोष्ट आधीच सांगणे मला आवश्यक वाटते: केवळ छताच्या निचऱ्यासाठी म्हणून निघणाऱ्या जागा थोड्या असतात. हे काम बिल्डिंग सर्व्हिसेस (इमारतीतील पाणी, वीज, वातानुकूलन यांच्या यंत्रणा) सल्लागार, वॉटरप्रूफिंग तज्ज्ञ आणि सायफनिक यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्या यांच्याकडे विभागलेले असते, म्हणून अर्ज त्या नावांखाली करावे लागतील. बीआयएम (इमारतीचे डिजिटल त्रिमितीय प्रतिरूप तयार करणारे) सॉफ्टवेअर येत असेल तर उपयोग होतो, पण त्याआधी जलविज्ञानातील पावसाची तीव्रता आणि पुनरावृत्तीचा कालावधी (तितका जोरदार पाऊस सरासरी किती वर्षांनी येतो) या संकल्पना पक्क्या हव्यात.

पाऊस थांबून ४८ तास झाल्यावर, परवानगी घेऊन आणि सुरक्षिततेची काळजी घेऊन, एखाद्या सपाट छतावर जा. जिथे अजून पाणी उभे असेल तिथे खडूने कडा आखा, पट्टीने खोली मोजा आणि त्या जागा आराखड्यातील पातळ्यांशी ताडून पाहा. मुख्य तोंडे तुंबल्यास पाणी बाहेर काढणारा आपत्कालीन मार्ग किती उंचीवर आहे आणि त्यातून पाणी पडू लागले तर ते कोणाच्या नजरेस पडेल का, हेही टिपून ठेवा. अशा दोन-तीन छतांच्या नोंदी अर्जासोबत जोडा, आणि त्यातील बीमच्या वाकण्याचा हिशेब वडिलांनाही दाखवा.